गंजींतील उष्णतामान व थर्मोकपलचें बाहेरील टोक

जिंतूर भागांत कडब्याची गंजी रचल्यावर अवकाळी पावसाचें पाणी आंत मुरलें, तर ती आंतून तापूं शकते. वरून मात्र कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं थर्मोकपल उपयोगीं पडतें.

तांब्याची एक तार व तांबें-निकेल मिश्रधातूची दुसरी, अशा दोन तारा एका टोकास सांधतात. सांधा गंजींत खुपसावा. मोकळीं टोकें बाहेर मापकयंत्रास जोडलेलीं असतात. दोन्ही ठिकाणच्या उष्णतामानांत अंतर असलें म्हणजे अल्प विद्युद्दाब उत्पन्न होतो. दर अंश सेंटिग्रेडास सुमारें ४० मायक्रोव्होल्ट. हा गुण झेबेक यांस १८२१ सालीं आढळला.

येथें लक्षांत ठेवावें कीं, हा दाब केवळ अंतराचा असतो. गंजी ५८ अंशांवर व बाहेरील टोक ३८ अंशांवर असेल, तर दाब २० अंशांचाच मिळतो. वरचे ३८ अंश हिशेबांत धरले नाहींत, तर तापलेली गंजी थंड भासेल. पूर्वीं बाहेरील टोक वितळत्या बर्फांत, म्हणजे शून्य अंशावर ठेवीत. हल्लीं यंत्रांतील संवेदक त्या टोकाचें उष्णतामान मोजून भर घालतो.

म्हणून यंत्र उन्हांत ठेवूं नये; सावलींत कांहीं वेळ स्थिरावूं द्यावें. तार वाढविणें झाल्यास त्याच धातूंची घ्यावी. सांधा वितळत्या बर्फांत बुडविल्यास यंत्रानें शून्य दाखविलें पाहिजे. ५५ अंशांपुढें आंकडा चढत राहिला, तर गंजी उकलण्यापूर्वीं पाणी व माणसें जवळ असावीं. कारण वारा लागतांच पेट घेण्याचें भय असतें.