आधी काय संपते? : रासायनिक गणिताचा एक धडा



सायंकाळी टावर चौकात पाणीपुरीच्या ठेल्यावर आपण सर्वच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. समजा, ठेल्यावर १२० पुऱ्या आहेत आणि मसाला ३० प्लेटींना पुरेल इतका आहे. एका प्लेटीत ६ पुऱ्या. प्लेटी किती होतील? २०. मसाला उरला तरी पुऱ्या संपल्या की धंदा थांबला. हे कोणालाही शिकवावे लागत नाही. हाच प्रश्न अकरावीच्या रसायनशास्त्रात आला की मात्र निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात याला ‘सीमांत अभिकर्मक’ म्हटले होते. शब्द पाठ झाला, अर्थ पुष्कळ उशिरा कळला. अर्थ इतकाच : जो पदार्थ आधी संपतो, तोच माल किती तयार होणार हे ठरवतो.

आता आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. येथून रेल्वेने सुमारे ५५ कि.मी. अंतरावर, चंबळेच्या काठी नागदा आहे. तेथे ग्रासिमच्या कारखान्यात १९५४ पासून व्हिस्कोस धागा तयार होतो. लाकडाचा लगदा, म्हणजे सेल्युलोज, कॉस्टिक सोड्यात भिजवतात. त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात. मधासारखा घट्ट द्रव तयार होतो. तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडला की धागा बनतो. कुंडात कॉस्टिक सोडा व आम्ल यांची जी क्रिया होते, ती अशी :

२ कॉस्टिक सोडा + १ सल्फ्युरिक आम्ल → १ सोडियम सल्फेट + २ पाणी

वजनाने : ८० + ९८ → १४२ + ३६. दोन्ही बाजूंची बेरीज १७८.

आता प्रश्न. ९० कि.ग्रॅ. कॉस्टिक सोडा आणि ९८ कि.ग्रॅ. आम्ल एकत्र केले, तर आधी काय संपेल? बहुतेक मुले म्हणतात, ‘सर, सोडा. तो कमी आहे.’ येथेच चूक होते. ९८ कि.ग्रॅ. आम्लाला ८० कि.ग्रॅ. सोडा पुरतो. म्हणजे आम्ल आधी संपेल, १४२ कि.ग्रॅ. सोडियम सल्फेट मिळेल आणि १० कि.ग्रॅ. सोडा तसाच उरेल. रेणू एकमेकांना मोजून भेटतात, तोलून नव्हे. म्हणून आधी वजनाचे मोल करायचे, मग समीकरणातील प्रमाण पाहायचे.

परीक्षेत उरलेले १० कि.ग्रॅ. एका ओळीत लिहून आपण मोकळे होतो. कारखान्यात ते कोठेतरी जातात. उद्योगात पुष्कळदा एखादा पदार्थ मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे दुसरा, महाग पदार्थ पूर्ण वापरला जातो. पण मग जास्तीचा पदार्थ परत मिळवण्याची सोय हवी. व्हिस्कोसच्या कुंडात आम्ल जास्तच ठेवतात. ते द्रावण फिरवून पुन्हा वापरतात, पाणी आटवतात आणि सोडियम सल्फेटचे स्फटिक वेगळे काढतात. ते कपडे धुण्याच्या पावडरीत व काचेच्या कारखान्यांत उपयोगी पडतात.

कार्बन डायसल्फाइडची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. समीकरण पाहिले तर तो सेल्युलोजला जोडला जातो आणि आम्लात जाताच पुन्हा सुटतो. म्हणजे कागदावर त्याचा खर्च शून्य! प्रत्यक्षात काही भाग इतर क्रियांत जातो, त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू होतो, आणि काही भाग हवेबरोबर निघून जातो. हा पदार्थ चटकन पेट घेतो व मज्जासंस्थेला अपाय करतो. म्हणून असे कारखाने वायू थंड करून किंवा कार्बनच्या थरांतून नेऊन तो परत मिळवतात. जितका परत मिळेल तितका पैसा वाचेल आणि कामगाराचा श्वासही सुरक्षित राहील. दोन्ही हिशेब एकच आहेत.

कॉस्टिक सोडा मिठापासून होतो. ११७ कि.ग्रॅ. मीठ व ३६ कि.ग्रॅ. पाणी यांपासून ८० कि.ग्रॅ. सोडा, ७१ कि.ग्रॅ. क्लोरीन आणि २ कि.ग्रॅ. हायड्रोजन. क्लोरीनला गिऱ्हाईक नसेल, तर १५३ पैकी जवळजवळ निम्मे वजन गळ्यात पडेल. म्हणून सोड्याच्या कारखान्याशेजारी क्लोरीन वापरणारे कारखाने उभे राहतात. किती अणू उपयोगी मालात गेले, या मापाला १९९१ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी ‘ॲटम इकॉनॉमी’ असे नाव दिले. आमच्या आजीने ताटात काही टाकू नये म्हणून सांगितले होते, ते याहून फार वेगळे नव्हते.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. लवण विश्लेषणात चार थेंबांचे काम असते तेथे अर्धी परीक्षानळी आम्ल ओतले जाते. उरलेले मोरीत, मोरीतून नाल्यात. आणि नाला कोठे जातो हे उज्जैनकरांना सांगायला नको. विश्वस्त मंडळ रसायनांच्या वाढत्या बिलाबद्दल विचारते, तेव्हा भाव वाढले असे आम्ही सांगतो. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे आपण सवयीने ओततो, आणि त्यात आमचीही ढिलाई आहे.

म्हणून पुढील महिन्यापासून प्रयोगापूर्वी प्रत्येकाने वहीत तीन ओळी लिहाव्यात : किती लागेल, आधी काय संपेल, काय उरेल व त्याचे काय करणार. त्याशिवाय बाटली मिळणार नाही. पालकांनी ही वही अधूनमधून पाहावी, ही विनंती.

सरावासाठी : २३४ कि.ग्रॅ. मीठ आणि ५४ कि.ग्रॅ. पाणी दिले आहे. सोडा १२० कि.ग्रॅ. मिळतो. कसा, आणि काय उरते, ते करून आम्हाला दाखवा.