ज्वालाग्राही

पेट्रोलच्या टँकरवर ‘अति ज्वालाग्राही’ असे शब्द ठळक अक्षरांत लिहिलेले आढळतात. ज्वाला ग्रहण करणारा, म्हणजेच सहज पेट घेणारा, तो ज्वालाग्राही पदार्थ होय.

जळती मेणबत्ती पाहावी. तिचे वितळलेले मेण थंड झाले, की पुन्हा घट्ट होते. ते मेणच राहते. म्हणून वितळणे हा भौतिक बदल होय. जळलेले मेण मात्र परत मिळत नाही. त्याची हवेतील ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ हे नवे पदार्थ तयार होतात. रंग डोळ्यांना दिसतो, वजन तराजूवर कळते. ज्वलनशीलतेचा प्रत्यय मात्र पदार्थ जळून बदलतो तेव्हाच येतो. म्हणून ज्वलनशीलता हा रासायनिक गुणधर्म मानला जातो.

ज्वलनासाठी इंधन, ऑक्सिजन आणि पुरेशी उष्णता या तिन्हींची गरज असते. यांपैकी एक दूर केले, की आग विझते. तथापि सर्व पदार्थ सारख्याच सहजतेने पेटत नाहीत. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. रॉकेलला त्यासाठी साधारणतः ३५ अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणूनच रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल भरणे जिवावर बेतू शकते.

स्वयंपाकाचा गॅस हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. त्याला स्वतःचा उग्र वास नसतो. गळती ध्यानात यावी, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे तीव्र वासाचे रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असेल, तर एक ठिणगीही स्फोटास पुरते आणि ती दिव्याच्या बटणातूनही उडू शकते. यास्तव वास येताच कोणतेही बटण दाबू नये. दिवा लावू नये, तसा लागलेला विझवूही नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

पदार्थाचा गुणधर्म बदलता येत नाही. तो जाणून सावधपणे वागणे मात्र माणसाच्या हाती असते.

पाठगत प्रश्न

१. ‘ज्वालाग्राही’ या शब्दाचा अर्थ लिहा.
२. ज्वलनशीलतेला रासायनिक गुणधर्म का म्हणतात?
३. गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण का दाबू नये?