नाश्ता मोफत, तरी माणसे का जातात?

प्रश्न : पुण्यात माझी ३५ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कॅरम, मोफत नाश्ता, शुक्रवारची पार्टी, सगळे सुरू केले. तरी चुका अगदी शेवटच्या क्षणी कळतात आणि चांगली माणसे सोडून जातात. आणखी काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची तळमळ पोहोचली. नाश्ता चालू ठेवा, पण कंपनीची संस्कृती त्याने घडत नाही. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते, यावरून संस्कृती ओळखावी. गूगलने २०१२ पासून आपल्या १८० संघांचा अभ्यास केला. संघात कोण आहे यापेक्षा संघातली माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे महत्त्वाचे ठरले. त्यातही चूक कबूल केल्यावर अपमान होणार नाही, हा भरवसा सर्वांत मोलाचा. मायक्रोसॉफ्टनेही सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध क्रमवारीत बसवणारी मूल्यमापनाची पद्धत २०१३ मध्ये बंद केली.

सर्व्हर बंद पडला की ‘कोणी केले?’ऐवजी ‘हे घडू कसे शकले?’ असे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. बैठकीत कनिष्ठांना आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला. ‘रिलीज तयार नाही’ म्हणणाऱ्या टेस्टरचे सर्वांसमोर आभार माना. असे जाहीर आभार मला सर्वांत परिणामकारक वाटतात.

मात्र भरवसा म्हणजे ढिलाई नव्हे. कामाचा दर्जा ठामपणे मागा. पगार बाजारभावापेक्षा कमी असेल किंवा रोज रात्री जागावे लागत असेल, तर आधी ते सुधारा. सुरुवातीला तक्रारी वाढल्यासारख्या वाटतील. घाबरू नका, त्या आधीही होत्याच. आता तुमच्या कानावर येऊ लागल्या आहेत.