उताराला गाडी गिअरमध्येच ठेव

चि. बाळास,


फोनच करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "बरं मामा" म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागदावर लिहितोय. दोनदा वाच.

परवा वजनकाट्यावर तुझ्याबरोबर मार्केट यार्डात गाडी लावणारा पोरगा भेटला. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हेवी लायसन्ससाठी तू एजंटाशी बोलणी केलीस. ड्रायव्हिंग शाळेत पाऊल न टाकता शिकल्याचा दाखला, फॉर्म पाच, घरपोच येणार. दुसरी, कात्रजचा नवा बोगदा संपला की तू तुझा छोटा हत्ती टेम्पो न्यूट्रलवर टाकतोस आणि नवले पुलापर्यंतच्या उतारावर तसाच सोडतोस. डिझेल वाचवतो म्हणून तो तुझं कौतुक करत होता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

हे खोटं असेल तर देव पावला. खरं असेल तर आजपासून बंद. मी विनंती करत नाही, सांगतोय.

त्या उतारावर आजवर काय काय झालंय ते तुला माहीत आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात एका ट्रकनं तिथं गाड्यांचा चुराडा केला. ब्रेक फेल झाले अशी बोंब उठली होती. पुढे पोलिसांनी सांगितलं की डिझेल वाचवायला ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं. त्यालाही कुणीतरी कधीतरी हुशार म्हटलं असेल.

आता कारण ऐक. भरलेला ट्रक उताराला लागला की इंजिन त्याला मागून धरून ठेवतं. न्यूट्रल मारलास की ती पकड सुटली, सगळा भार ब्रेकवर आला. लांब उतारावर पाय सारखा ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो, लायनर जळल्याचा वास येतो, आणि त्यानंतर पेडल कितीही दाबलंस तरी चाक ऐकत नाही. त्यात इंजिन बंद केलंस तर ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत असेल तेवढीच हवा, आणि प्रत्येक दाबाला ती कमी होते. पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. मग उरतो फक्त हॉर्न.

आणि डिझेलचं म्हणशील तर तेही ऐक. हल्लीच्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं डिझेल आपोआप तुटतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे जीव टांगणीला लावून तू वाचवलंस काय? हे मला कुणा उस्तादानं सांगितलं नाही. म्हातारपणी एका मेकॅनिकनं सांगितलं.

तू म्हणशील, माझी गाडी ती केवढीशी. खरंय, छोटा हत्ती भरून दोन टनांच्या आत. पण ट्रकमालक जी दहा टायरी चालवायला देतो म्हणतोय तिचं भरलेलं वजन २०१८ पासून कायद्यानं २८.५ टन धरलंय. आणि यार्डातून निघणारा माल कायद्याचं वजन बघून भरला जातो का, हे तुला मी सांगायला नको. हाताला न्यूट्रलची सवय छोट्या गाडीवर लागली की मोठ्या गाडीवर हात त्याच वाटेनं जाणार. हाताला कळत नाही मागे किती टन आहेत.

म्हणून म्हणतो, शाळा चुकवू नकोस. तुला वीस पूर्ण झाली, लाइट लायसन्सला वर्ष उलटलं, म्हणजे हेवीचं लर्निंग तुला हक्कानं मिळतं. लर्निंग निघाल्यावर तीस दिवस पक्की टेस्ट देता येत नाही, आणि लर्निंग चालतं सहा महिने. शाळेचं शिक्षणही नियमानं महिनाभराचं, त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १५ तास. एजंट हेच १५ तास तुला विकत देतो म्हणतो. ते कसे देणार तो? कागद देईल. घाटात गाडी सुटली की कागद ब्रेक मारणार नाही.

भोसरीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथं विचार, जमलं तर सोनं. नाही जमलं तर जिथं स्वतःची मोठी गाडी आहे आणि मास्तर शेजारी बसतो अशी शाळा धर. फी भरण्याआधी गाडी बघ. गाडी दाखवायला टाळाटाळ केली तर उठून ये.

पहिल्या दिवशी स्टिअरिंग मागू नकोस. मास्तरांना म्हण, आधी हवेच्या टाक्या दाखवा. रोज सकाळी टाकीखालचा कॉक उघडून साचलेलं पाणी कसं काढायचं ते स्वतःच्या हातानं कर. गाडी चालू केल्यावर हवेचा काटा वर चढेपर्यंत हलायचं नाही. लोखंडी टॉमी घेऊन प्रत्येक टायर ठोकायचा. चांगल्या टायरचा आवाज टणक येतो, हवा कमी असलेल्याचा बद्द. मागच्या जोड टायरांमध्ये दगड अडकलाय का बघायचं. डाव्या अंगाला तुझ्या केबिनखाली एक अख्खी मोटारसायकल मावते आणि आरशात दिसत नाही, हे एकदा खाली उतरून, दुसऱ्याला तिथं उभं करून बघ. चढावर थांबवून मागं न सरकता गाडी उचलणं रोज कर. आणि मास्तरांना रोज एक प्रश्न विचार, की उताराला कुठला गिअर. ते सांगतील, ज्या गिअरनं घाट चढशील त्याच्यापेक्षा वरच्या गिअरनं उतरू नकोस. उतार लागायच्या आधी गिअर टाक, लागल्यावर नव्हे. एक्झॉस्ट ब्रेक कसा वापरायचा तेही तिथंच शीक.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटसाठी जाशील तेव्हा डोळे खरोखर तपासून घे. तुला लांबचं वाचताना बारीक बघायची सवय आहे, तुझ्या बाबांना, आमच्या दाजींनाही होती. लाजू नकोस. चष्मा लागला तर लागला.

फार बोललो का? बाळा, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा क्लीनर म्हणून केबिनमध्ये चढलो. आजोबांनी आयटीआयचा फॉर्म आणून ठेवला होता, तो फडताळातच राहिला, हे तुझी आई अजून मला ऐकवते. खंबाटकीच्या जुन्या घाटात उस्ताद रात्री झोपायचे आणि मला स्टिअरिंग द्यायचे. चुकीचा गिअर पडला की थप्पड बसायची. का चुकीचा, ते कुणी सांगायचं नाही. उस्ताद वाईट नव्हते, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे भीतीनं शिकलो. फळ्यावर ब्रेकचं चित्र काढून कुणी मला समजावलं असतं तर मी किती मन लावून ऐकलं असतं, असं अजून वाटतं. तुला ते मिळतंय आणि तू ते पैसे देऊन टाळतोयस, म्हणून जीव जळतो.

आणखी एक सल आहे. मालक म्हणाला सकाळी माल पोचला पाहिजे, की आम्ही डोळ्यांवर पाणी मारून निघायचो. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, हा कायदा १९६१ पासूनच होता. मला तो गाडी सोडल्यावर कळला. तुझ्या आईच्या हळदीला मी पोचलो नाही. आजोबा गेले तेव्हा मी ओडिशात माल उतरवत होतो. भाडी किती मारली ते आता कुणी विचारत नाही. मी कुठं नव्हतो तेवढं सगळ्यांच्या लक्षात आहे. तुझ्या वाट्याला हे सगळं यायलाच पाहिजे असं नाही. नव्या ट्रकांना २०२५ पासून केबिनचा एसी सक्तीचा झालाय. झोप मात्र एसीबरोबर येत नाही, ती मालकाकडून भांडून घ्यावी लागते. आणि ज्याला काम पक्कं येतं त्यालाच भांडता येतं.

तुझी घाई मला कळते. दाजींच्या मागं तू एकट्यानं जे ओढलंस ते मी बघितलंय. धाकटीची नर्सिंगची फी, आईचा गुडघा, गाडीचा हप्ता. मालकानं पंधरा दिवसांची मुदत दिली म्हणून तू एजंटाकडं गेलास, आळसानं गेला नाहीस. हे मी जाणतो, आणि वर जे रागानं लिहिलं ते पुसणार नाही, पण त्यामागं काय आहे तेवढं ओळख. मालकाला सांग, दीड-दोन महिन्यांनी येतो, शिकून येतो. नाही थांबला तर दुसरा मिळेल. चांगल्या ड्रायव्हरच्या शोधात आज सगळेच आहेत. तोवर तुझी भाजीची गाडी आहेच. लाइट लायसन्सवर ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये सांगितलंय. चूल बंद पडणार नाही.

शाळेच्या महिन्यात भाडी कमी होतील. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता मी भरतो. उसना नाही, परत करायचा नाही, आणि तुझ्या आईला सांगायचा नाही. एजंटाला काही दिलं असशील तर सोडून दे, त्याच्या मागं लागू नकोस.

मामीनं तुझ्यासाठी चटणी कुटून ठेवलीय, येणाऱ्या गाडीबरोबर पाठवतो. शाळेत जाताना चपला घालू नकोस, बूट घाल; नसतील तर कळव. वही-पेन ने. समजलं नाही तर पुन्हा विचार, मास्तर चिडले तरी विचार.

एक तारखेला शाळेत नाव घाल. घातलंस की आधी आईला फोन कर, मला नंतर केलास तरी चालेल. आणि आज, उद्या, कधीही, बोगद्यातून बाहेर पडशील तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेव. एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा