कर्ज फेडायचे आणि घरही चालवायचे
(अभ्यासासाठी उतारा: २ राजे ४:१-७)



राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अवघ्या सात वचनांची एक गोष्ट आहे. एका संदेष्ट्याच्या शिष्याची विधवा अलीशाकडे येते. नवरा वारला आहे, कर्ज मागे राहिले आहे आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून नेण्यासाठी आला आहे. ही गोष्ट आपण चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकतो आणि तेल वाढले एवढेच लक्षात ठेवतो. आज ती कर्जाची गोष्ट म्हणून वाचू या, कारण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट घडत असते.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिचा नवरा देवभीरू होता, असे ती स्वतः सांगते आणि अलीशा ते नाकारत नाही. कर्ज झाले म्हणजे माणूस उधळ्या असणार, दारूत किंवा जुगारात पैसा गेला असणार, असे आपण पटकन बोलून मोकळे होतो. प्रत्यक्षात इस्पितळाचे बिल, मुलाचे अ‍ॅडमिशन, पावसाळ्याच्या तोंडावर घालावा लागलेला स्लॅब, अशा कारणांनी कर्ज होते. लग्नाच्या जेवणावळीनेही होते, हे खरे. त्याबद्दल पुढे बोलू. पण कर्जबाजारी माणसाला आधी लाज वाटायला लावणे हा त्याला गप्प बसवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि गप्प बसलेल्या माणसाचे व्याज काही थांबत नाही.

अलीशा विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, काही नाही. आणि मग आठवून सांगते, तेलाची एक कुपी आहे. हे 'काही नाही' आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. घरात शिवणकाम येणारी बाई असते, वाडीत चार केळी असतात, संध्याकाळचे दोन तास रिकामे असणारा पदवीधर मुलगा असतो, पण हिशेबाला बसलो की आपण पगाराचाच आकडा मांडतो. वसईच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजी आणि फुले विकायला जात, केळी वाळवून सुकेळी करत. त्या पैशातून शिकलेली माणसे आज आपल्याच बाकांवर बसलेली आहेत. त्या आज्यांनी कुपीला कधी 'काही नाही' म्हटले नाही.

पुढे अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. भांडी मागायची आहेत, तेल नाही. हा फरक बारीक आहे पण मोठा आहे. शिलाई मशीन, केक भाजायचा ओव्हन, मोठी पातेली, वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके, लग्नाचा कोट मागून घ्यायला काहीच हरकत नाही. नव्याने हातउसने पैसे मागणे ही वेगळी गोष्ट आहे.

मग दार लावून घे, असे सांगितले आहे. आत ती आणि तिचे दोन मुलगे. ज्या मुलांना सावकार नेणार होता, तीच मुले भांडी तिच्या हातात देत आहेत. म्हणजे बाहेर बोभाटा नाही, पण आत कोणापासून लपवलेलेही नाही. आपल्याकडे बहुधा उलटे होते. पतपेढीच्या संचालकांना ठाऊक असते, जामीनदारांना ठाऊक असते, नाक्यावरच्या चार जणांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त घरच्या बाईला. ती बिचारी किराणा दहा रुपयांनी स्वस्त मिळावा म्हणून दोन दुकाने फिरते आणि तिकडे कार्डावर दिवसाला सत्तर रुपये व्याज चढत असते. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल तेवढे सांगावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'या वर्षी सहलीला जायचे नाही, कारण आपण आईच्या बांगड्या सोडवतो आहोत' हे नीट कळते. कारण न सांगता नुसते 'नाही' म्हटले की त्याला राग येतो.

आता या गोष्टीतला शेवटचा आदेश पाहा. तेल वीक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुले जगा, असा त्याचा आशय आहे. कर्जफेड आणि घरखर्च या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. अनुवादाच्या पुस्तकात (२४:६) याचीच दुसरी बाजू आहे: कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्याचे जगण्याचे साधन आहे. त्याच अध्यायात पुढे, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे आणि गहाण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नये, असेही सांगितले आहे. म्हणजे सावकाराचा हक्क खरा आहे, पण तो जात्यापाशी थांबतो. कर्ज फेडणाऱ्यानेही हे स्वतःला लागू करावे. जो हप्त्यांसाठी औषध बंद करतो, मुलांची फी थकवतो, रेल्वेचा पास काढत नाही, तो दोन महिन्यांनी दुप्पट कर्ज काढतो. असे प्रकार पतपेढीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

थोडा हिशेब करू. एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा: नवरा कारखान्यात, बायको घरी शिकवण्या घेते, दोन मुले, एक आजी. दोघांचे मिळून महिन्याला ४२,००० रुपये येतात. किराणा, भाजी, मासळी ११,०००, वीज, गॅस, फोन ३,५००, शाळा व क्लास ६,५००, आजीची औषधे २,०००, प्रवास १,८००, सणवार, देऊळ आणि किरकोळ १,७००. हे झाले २६,५००. हा त्यांचा जात्याचा खर्च. उरले १५,५००.

कर्जे अशी: पतपेढीचे कर्ज, हप्ता ६,२०० आणि अजून दोन वर्षे बाकी. सोनेतारण कर्ज १,२०,०००, वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,२०० व्याज. क्रेडिट कार्डाचे थकलेले ६०,०००, महिन्याला साडेतीन टक्के. आणि मामेभावाकडून हातउसने ५०,०००, बिनव्याजी.

घरात सर्वांत जास्त चिंता असते ती सोन्याची, कारण आकडा मोठा आणि बांगड्या डोळ्यांपुढे. कार्डाची चिंता कोणी करत नाही, कारण 'किमान रक्कम' भरली की बँक गप्प असते. ६०,००० वर पाच टक्के किमान धरले तर ३,००० भरायचे. त्यातले २,१०० व्याजात जातात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ३७८ जातात आणि मुद्दलातून सुटतात फक्त ५२२. एकही नवी खरेदी न करता वर्षभर असे किमान भरत राहिले, तर सुमारे ३४,००० रुपये खिशातून जातात आणि कर्ज कमी होते जेमतेम ६,००० ने! शिवाय थकबाकी असताना नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी दिवसांची सवलत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून ते कार्ड कपाटात ठेवून किल्ली आजीकडे द्यावी.

हप्ता, सोन्याचे व्याज आणि कार्डाची किमान रक्कम मिळून १०,४०० होतात. कागदावर ५,१०० शिल्लक राहतात, पण घरात विचारा, ते कोणालाच दिसत नाहीत. ते कुठे जातात हे एक महिना वहीत लिहून पाहावे लागते. रोज रात्री पाच मिनिटे पुरतात. वही नवऱ्याने लिहावी की बायकोने, यावर भांडू नये. ज्याचे अक्षर वाचता येते त्याने लिहावी.

त्या ५,१०० पैकी १,००० वेगळ्या डब्यात पडावेत, मग तापाचे डॉक्टर आणि फुटलेली ट्यूबलाईट यांसाठी कार्ड बाहेर येत नाही. ५०० मामेभावाला. उरलेले ३,६०० कार्डाच्या किमान रकमेत मिळवून दरमहा ६,६०० भरले, तर कार्ड बारा महिन्यांत संपते. नंतर तेच ६,६०० सोन्याकडे वळवायचे, व्याजाच्या १,२०० सह ७,८००. दुसरे वर्ष संपताना सोन्याचे ३६,००० च्या आसपास उरतात. तेव्हाच पतपेढीचा हप्ता सुटतो, त्याची भर पडते आणि तीन महिन्यांत बांगड्या घरी येतात. मामेभावाचेही आणखी तीन महिन्यांत पूर्ण होतात. सगळे मिळून अडीच वर्षे, घरखर्चाच्या २६,५०० ना हात न लावता. महागाई वाढेल, एखादे आजारपण येईल, मग अडीचाची तीन वर्षे होतील. तरी शेवट दिसतो, आणि शेवट दिसला की माणसाला झोप लागते.

कार्ड लवकर मिटवण्यासाठी सोन्यावर थोडे वाढीव कर्ज घ्यावे का, असे विचारले जाते. बेचाळीस टक्क्यांचे कर्ज बारा टक्क्यांच्या कर्जाने मिटवणे हिशेबाला बरोबर आहे, पण एकदाच, आणि कार्ड कायमचे बंद करून. नाहीतर सहा महिन्यांनी दोन्ही भरलेली असतात. सोने कोणाचे आहे, हेही विसरू नये. माहेरून आलेल्या दागिन्याचा निर्णय तिचाच. आणि सोनेतारणाची मुदत संपल्याची नोटीस आली तर ती उघडून वाचावी. मुदतीत व्याज भरून नूतनीकरणाची विनंती करता येते, लिलाव झाल्यावर काही करता येत नाही.

मामेभावाला ५०० कशासाठी, व्याज तर नाही? पैशाचे व्याज नाही, पण नात्यावर चढते. देणेकरी मिस्सेनंतर दुसऱ्या दाराने बाहेर पडू लागतो, मग बारशाला जात नाही, मग आईच्या वर्षश्राद्धालाही. दर महिन्याला पाचशे रुपये हातात ठेवून 'बाकीचे अमुक महिन्यापासून' असे तोंडाने सांगितले, तर हे टळते. जामीनदाराचेही तसेच. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्था थेट त्याच्याकडे वसुलीला जाऊ शकते. हप्ता चुकणार असेल तर आधी त्याला सांगणे हा साधा प्रामाणिकपणा आहे.

मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जापासून तरुणांनी विशेष सावध असावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या नियमांनुसार अशा अ‍ॅपला आपल्या फोनमधील संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी नाही; जे अ‍ॅप ते मागते त्याला दूरच ठेवावे. वसुली एजंटने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असाही रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करता येते.

हे सर्व एकट्या कुटुंबावर सोडून द्यायचे का? विधवेला भांडी शेजाऱ्यांनी दिली होती. इटलीत पेरुजा येथे १४६२ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रेरणेने गरिबांना अल्प दराने तारणकर्ज देणारी संस्था निघाली. अशा संस्थांनी खर्चापुरती रक्कम घ्यावी की नाही यावर पुष्कळ वाद झाला आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन महासभेने त्याला मान्यता दिली. आपल्या वसईत १९१८ साली मोन्सिनियोर पी. जे. मोनिस यांनी सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी जी पतसंस्था उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. तेव्हाच्या माणसांकडे पैसा आजच्यापेक्षा कितीतरी कमी होता.

आणि लग्नाच्या जेवणावळी. यजमानाला खर्च कमी करायचा असतो, पण 'लोक काय म्हणतील' ही भीती असते. ते लोक म्हणजे आपणच. प्रथम कम्युनियनच्या पार्टीसाठी कर्ज काढलेले घर आपल्याच आळीत असेल, आणि त्या पार्टीत केक चांगला नव्हता असे म्हणणारेही आपल्याच आळीत असतील.

या आठवड्यात समूहाच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर बोलावे. कोणाच्या घरचे आकडे विचारू नयेत. आपल्या आळीत कोणती 'रिकामी भांडी' आहेत, जी एकमेकांना देता येतील? समारंभाच्या खर्चाला आळीने मिळून काही मर्यादा घालता येईल का, आणि पहिले घर कोणाचे? कर्जात असलेल्या माणसाने मनातले बोलायचे ठरवले तर त्याने कोणाकडे जावे, असे आपल्या समूहात एक तरी नाव आहे का? पुढील रविवारी नहेम्याचा पाचवा अध्याय घेऊ. तिथे शेत, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडलेले लोक आपल्याच भाऊबंदांविरुद्ध तक्रार घेऊन येतात, आणि नहेम्याने स्वतःही कर्ज दिलेले असते. तो वाचून यावा.