काट्याचे कार्ड आणि टेबलावरची मॅट



वजनकाट्याचा आकडा अडला की गाड्यांची रांग लागते, ऊस उन्हात वाळतो आणि बोल आम्हाला बसतो. म्हणून काट्याचे कार्ड ज्या टेबलावर दुरुस्त होते, त्याविषयी थोडे सांगतो. तुमची कित्येकांची मुले गावात ठिबकचे कंट्रोलर अन् स्टार्टरची कार्डे उघडतात. त्यांनाही हे वाचायला द्यावे.

थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट होते, तीच स्थिर वीज. साधारण 3,000 व्होल्टच्या आत ती बोटाला कळतही नाही. काही नाजूक चिपा मात्र 100 व्होल्टलाही दुखावतात. बरे, लगेच मरतात असेही नाही. कार्ड चालते, अन् पुढे ऐन गाळपात दगा देते. आपला हंगाम कोरड्या हवेतला, तेव्हा हा त्रास जास्तच.

यासाठी टेबलावर खास रबरी मॅट असते. अर्थिंगच्या वायरीतून ती वीज सावकाश जमिनीत सोडते. तिचा रोध 10 लाख ते 100 कोटी ओमच्या दरम्यान असावा. काम करणाऱ्याच्या मनगटालाही अर्थिंगचा पट्टा हवाच.

आता आमची चूक सांगतो. एका हंगामात मॅट आरशासारखी चकाकू लागली. आम्ही खूश! चौकशी केली तर कोणीतरी फर्निचरचे पॉलिश मारलेले. पॉलिशमधल्या मेणाचा, सिलिकॉनचा पापुद्रा वीज अडवतो. त्या महिन्यात दोन कार्डे परत आली. ती त्यामुळेच गेली असे छातीठोक सांगता येत नाही, पण संशय काही जात नाही.

साबणाचाही थर राहतो. मॅटसाठी मिळणारे द्रावण वापरावे. नाहीतर पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे. हे पेट घेते, तेव्हा सोल्डरिंग आयर्न आधी बंद करावे. पुसण्यापूर्वी रोध मोजावा अन् पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजावा. सुधारला तर दोष मळाचा. नाही तर बटण, वायर किंवा मॅटच गेली. साधा मल्टिमीटर इथे पुरत नाही, 100 व्होल्टवर मोजणारा मीटर लागतो.

मॅटवर थर्माकोल अन् प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवू नयेत. त्यांच्यावरची वीज मॅट कितीही स्वच्छ असली तरी उतरत नाही.

मीटर आमच्या विभागात आहे. गावातल्या मुलांनी आपली मॅट गुंडाळून आणावी, मोजून देऊ.