संगणक जोडून घ्यावा की तयार?

प्रश्न : आम्ही वणीला राहतो. मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुटे भाग आणून संगणक मीच जोडतो म्हणतो. मला कंपनीचा तयार बरा वाटतो. काय करावे?

उत्तर : मुलाला जोडू द्या. जोडणी अवघड नाही, एक पेचकस आणि निवांत दुपार पुरते. खरा प्रश्न बिघाडाचा आहे. तयार संगणकाची हमी बहुधा वर्षभराची, पण तक्रारीसाठी एकच दार. सुट्या भागांत खोक्यातून घेतलेल्या प्रोसेसरला तीन वर्षे मिळतात, मात्र प्रत्येक भागाची कंपनी वेगळी. खरेदी नागपूरला सीताबर्डीत केलीत, तर भाग बदलायलाही बहुधा तिथेच जावे लागेल. म्हणून अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्याच.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, त्यात वणीची कोळशाची धूळ. कॅबिनेट जाळीचे आणि धूळगाळणी काढून धुता येईल असे निवडा. काटकसर करायचीच तर दिव्यांच्या झगमगाटात करा, एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागात, नको. बिनानावाचा स्वस्त एसएमपीएस जळताना मदरबोर्डही घेऊन जातो. विंडोजच्या परवान्याचा खर्चही आधीच धरा. दुकानदार ‘फुकट टाकून देतो’ म्हणाला, तर ती चोरीची प्रत असते.

संगणक सेतू केंद्रासारख्या कामाला हवा असता, तर मी तयारच सुचवला असता. तिथे बंद यंत्र म्हणजे बुडालेला धंदा. आणि काहीही घ्या, आधी घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.